लामेकाच्या कानातली अक्का

"माझ्यापुढे शिरजोरी करेल असं यंत्र अजून कारखान्यातून बाहेर पडायचंय!" हे वाक्य लामेका कालिब्बाला दिवसातून निदान चार वेळा म्हणायचा. कंपाला शहरातल्या नटेटेच्या बाजारात त्याची मोबाइल दुरुस्तीची टपरी होती. टपरी केवढी? तर लामेका आत शिरला की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं, आणि लामेका वाकला की त्याचाही निम्मा भाग बाहेर! पण वर पाटी मात्र 'कालिब्बाला इलेक्ट्रॉनिक हॉस्पिटल'. या हॉस्पिटलातून पेशंट बरे होऊन जात नसत असं मी म्हणणार नाही. जात. फक्त जाताना एखादा अवयव मागे ठेवून जात, एवढंच.

तर त्या गुरुवारी यायेरीअक्काच्या घरी अख्खं कालिब्बाला घराणं डोक्याला हात लावून बसलं होतं. लामेकाच्या दिवंगत थोरल्या भावाचा मुलगा मुग्वान्या, त्याच्या मागणीचा कार्यक्रम शनिवारी मिट्यानाला मुलीच्या घरी होता. मांडव ठरला होता, गाड्या ठरल्या होत्या, टोपल्या बांधून तयार होत्या. आणि आमच्या बाजूने बोलायला ठरवलेला बोलका बुधवारी मोटारसायकलवरून पडला! हात शाबूत, पाय शाबूत, निखळला तो नेमका जबडा!

आता बोलक्याशिवाय मागणी म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. दोन्हीकडचे बोलके समोरासमोर उभे राहणार, माइकवरून एकमेकांना चिमटे काढणार, कुळाचे सात पिढ्यांचे पुरुष घडाघडा म्हणून दाखवणार, देवक सांगणार, तेव्हा कुठे मुलगी पदरात पडणार. त्यातून मुलीकडचा बोलका म्हणजे तिचा सख्खा काका वालुसिम्बी. त्याने गेल्या वर्षी थोरल्या पुतणीच्या वेळी साठ माणसांचं वऱ्हाड फाटकातून परत पाठवलं होतं. कारण? त्यांच्या बोलक्याने मुलाच्या आजोबांचं नाव चुकवलं! "ज्यांना स्वतःचा आजा ठाऊक नाही, ते आमची पोर काय सांभाळणार?" म्हणाला, आणि फाटक लावून घेतलं.

"माझ्या पोराने तीन वर्षं वाट बघितली हो या मुलीची," मुग्वान्याची आई एसेझावहिनी पदराने डोळे पुसत म्हणाली. "आता परत पाठवलं तर तो जन्मभर तोंड वर करायचा नाही. हे असते तर..."

'हे असते तर' म्हटल्यावर लामेका उठला, जाकीट सारखं केलं आणि म्हणाला, "मी बोलेन."

"काय बोलशील?" यायेरीअक्काने विचारलं.

अक्का सगळ्या भावंडांत थोरली. अठ्ठ्याहत्तरीची. गुडघे गेले, दात गेले, पण आवाज आहे तिथेच होता. अक्काने आपल्या अंगणातून कोंबड्यांना दाणे टाकताना हाक मारली की तिसऱ्या गल्लीतल्या कोंबड्या निघत.

"बोलायचं ते सगळं बोलेन. घरचा काका असताना भाड्याचा माणूस कशाला?"

"बरं. आपल्या आजोबांचं नाव सांग."

"आजोबांचं?" लामेकाने छताकडे पाहिलं. "आपण त्यांना आजोबाच म्हणायचो ना?"

"झालं! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आणि देवक तरी ठाऊक आहे का रे लाम्या? की तेही फोनमध्ये शोधतोस?"

"नाकतोडा!" लामेका दुखावून म्हणाला. देवक त्याला नक्की ठाऊक होतं, कारण ते तो दर वर्षी मोडत असे. नोव्हेंबर लागला की सगळं कंपाला कांदा-मिरचीत परतलेले नाकतोडे चघळत हिंडतं, आणि कालिब्बालांनी मात्र लांबून वास घ्यायचा. देवक म्हणजे भाऊ, भावाला कोण खातो! पण टपरीचं शटर अर्धं ओढून लामेका तो वास जरा जास्तच जवळून घ्यायचा. हे कुणालाही ठाऊक नाही अशी त्याची समजूत होती.

"ऐका तर खरं," तो म्हणाला. "अक्काला सगळं पाठ, पण गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही. मला प्रवास होतो, पण पाठ नाही. मग? अक्का इथे घरी फोन घेऊन बसेल. माझ्या कानात बिनतारी इअरबड! ती सांगेल, मी म्हणेन. वालुसिम्बीच्या बापालाही कळणार नाही!"

"आणि तुझं ते बंद पडलं तर?" लामेकाच्या बायकोने, रोबिनाने विचारलं. घरातला पंखा, इस्त्री आणि रेडिओ या तिघांना लामेकाचा हात लागून गेला होता, तेव्हा तिचं विचारणं गैर नव्हतं.

"रोबिना, माझ्यापुढे शिरजोरी करेल असं यंत्र..."

"कारखान्यातून बाहेर पडायचंय," सगळ्या खोलीने वाक्य पुरं केलं. पण दुसरा उपाय कुणालाच सुचत नव्हता. ठरलं!

शुक्रवारी लामेकाने टपरीतली एक नवी जोडी उघडली. अडचण एकच: इअरबड होते पांढरेशुभ्र. कानात घातले की मैलावरून दिसावेत! लामेकाने थोडा विचार केला आणि बूट पॉलिशची काळी डबी काढली. दोन्ही बड आतून-बाहेरून असे चोपडून काढले की बूटही लाजले असते. मग फुंकर घालून डबीत ठेवले आणि चार्जिंगला लावले.

आता, बडच्या बुडाला दोन बारीक पितळी ठिपके असतात आणि चार्जिंग त्यांतूनच होतं, हे लामेका गिऱ्हाइकांना रोज समजावून सांगत असे. त्या ठिपक्यांवरही पॉलिशचा थर बसला होता. पण स्वतःच्या घरचा पेशंट असला की डॉक्टरचंही डोकं चालत नाही म्हणतात.

तासाभराने लामेकाच्या घरी तालीम सुरू झाली. उजवा बड मेला होता. डावा जोडला जायचा, 'टिंग' करायचा आणि सुटायचा. लामेकाने फोन बंद करून चालू केला. बड डबीत घालून काढले, काढून घातले. बटण दहा सेकंद दाबलं, मग वीस सेकंद दाबलं, मग रागाने मिनिटभर दाबलं! फोनमधून नाव पुसून पुन्हा जोडलं. लाल दिवा, निळा दिवा, लाल दिवा... आणि एकदाचा कानात बाईचा आवाज आला!

"जोडलं!" लामेका ओरडला. "बोल अक्का!"

"...मी तर म्हणते लामेकाभावजींना कुणी आवरा गं," आवाज म्हणाला. "माझा मिक्सर दुरुस्त करून दिला, तर तो आता नुसताच रेडिओसारखा गुणगुणतो!"

"अक्का, तुझा मिक्सर कधी दुरुस्त केला मी?"

अक्का नव्हतीच ती. बड जोडला गेला होता स्वयंपाकघरातल्या रोबिनाच्या फोनला, आणि रोबिना आपल्या बहिणीशी बोलत होती. पुढची पाच मिनिटं लामेकाने बड काढला नाही. चिकाटी म्हणून नव्हे; स्वतःबद्दल इतकी माहिती एका जागी त्याला कधी मिळाली नव्हती!

शेवटी रोबिनाचा फोन बंद करवला, तेव्हा डावा बड निमूटपणे त्याच्या फोनला चिकटला. पलीकडे अक्का खणखणली. "हे बघ," लामेका बायकोला म्हणाला, "नीट धमकावलं की सगळी यंत्रं ऐकतात."

शनिवारी मिट्यानाला पोहोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. हिरवळीवर समोरासमोर दोन मांडव. एकीकडे आम्ही: पुरुष पांढऱ्या पायघोळ कांझूवर काळी जाकिटं चढवून, बायका रंगीत गोमेसी झग्यांची खांद्यावरची टोकं सावरत. मधल्या रांगेत मुग्वान्या इतका ताठ बसला होता की जणू त्याचाच जबडा निखळलाय. एसेझावहिनी डोळे मिटून पुटपुटत होती. समोर मुलीकडचे शंभरेक जण, पुढे माइक घेऊन वालुसिम्बी. उंच, सडसडीत, चेहऱ्यावर सुरकुती नाही की हसू नाही.

लामेकाने छातीवरच्या खिशात फोन ठेवला, डावा कान चाचपला आणि हिरवळीवर पाऊल टाकलं.

सुरुवात काय झकास झाली म्हणता! अक्का कानात सांगतेय आणि लामेका म्हणतोय. तिने म्हण सांगितली, याने म्हण फेकली. वालुसिम्बीने चिमटा काढला, अक्काने त्याहून तिखट उत्तर दिलं, याने ते तसंच वाढलं. मांडव हसला! टाळ्या पडल्या! आमच्या बायका एकमेकींना ढोसू लागल्या, "अगं, हा आपलाच लामेका का?" लामेकाची छाती फुगत चालली. अवघड इतकंच, की अक्का काय सांगण्यासाठी म्हणते आणि काय स्वतःसाठी म्हणते हे ओळखायला त्याला सवड नव्हती. जे ऐकू येई ते तो म्हणे.

"थांब जरा, घसा सुकला, पाणी पिते," अक्का म्हणाली.

"थांबा जरा, घसा सुकला, पाणी पितो!" लामेकाने माइकवर जाहीर केलं. मुलीकडून लगबगीने पाण्याचा पेला आला. बघा, थाट कसा!

मग आली कुळाची वेळ. वालुसिम्बीने वही उघडली. "सांगा. आपण कोण, कुणाचे, कुठले?"

लामेकाने आदल्या दिवशीच ठरवलं होतं. आधी मुलाची वंशावळ सांगायची आणि स्वतःचं नाव ठेवायचं शेवटी, टाळ्यांसाठी. "आमचं देवक नाकतोडा!" त्याने दणक्यात सुरुवात केली. "मुलगा मुग्वान्या. त्याचे वडील पेत्रो. पेत्रोचे वडील कायोंगा. आणि कायोंगांचे वडील..."

कानात 'टुंग' झालं. अक्काच्या आवाजाच्या जागी एक अनोळखी, नाजूक, परदेशी बाई बोलली.

"बॅटरी लो!" लामेका गरजला.

वालुसिम्बीची पेन्सिल थांबली. "काय नाव म्हणालात?"

लामेकाच्या पाठीवरून घामाची धार सुटली. पण टपरीत पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांना तोंड दिलेला माणूस तो! "बॅटरिलो," तो शांतपणे म्हणाला. "बाप्तिस्म्याचं नाव. इटालियन पाद्री होते तेव्हा."

वालुसिम्बीने लिहून घेतलं. वही मिटली. लामेकाकडे पाहिलं. मग बोट स्वतःच्या कानाशी नेलं, खाकरला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि घराकडे बघून हाताने काहीतरी खूण केली. इकडे लामेकाच्या कानात पुन्हा 'टुंग' झालं आणि मग सगळं शांत. अक्का गेली. पाठ केलेल्यातलं काही उरलं असेल तर तेही तिच्याबरोबर गेलं.

घरातून एक मुलगी टोपली घेऊन आली, लामेकापुढे गुडघे टेकले आणि टोपली वर केली. लामेकाचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याचं सगळं चित्त डाव्या कानात. सकाळपासून पोटात अन्न नाही, आणि हाताला काहीतरी कुरकुरीत लागलं. त्याने तोंडात टाकलं. बरं लागलं. आणखी एक टाकलं. मग मूठभर घेतले. असं निवांत चघळता चघळता त्याच्या ध्यानात आलं की सगळा मांडव गप्प झालाय. आमच्या बाजूला कुणीतरी मोठ्याने 'अगं आई!' म्हणालं.

लामेकाने टोपलीत पाहिलं. टोपलीतून तळलेले नाकतोडे त्याच्याकडे बघत होते.

"वा!" वालुसिम्बीचा आवाज परत आला, आणि चांगलाच परत आला. "वा, पाहुणे! देवक नाकतोडा म्हणालात ना? मग हे काय, भावंडांची गळाभेट चाललीय? आतून?" मुलीकडचे उठून उभे राहिले. "जो स्वतःच्या भावाला कांदा घालून खातो, तो आमच्या मुलीचं काय करेल? की तुमचं देवकच खोटं आहे? कोण आहात तुम्ही लोक? फाटक उघडा रे!"

एसेझावहिनीच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. मुग्वान्याने मान खाली घातली ती घातलीच. लामेकाने त्या पोराकडे पाहिलं. भावाच्या माघारी आपण काका म्हणून उभे राहिलो आणि काय हे करून बसलो! तोंडात अजून अर्धा नाकतोडा होता. गिळावा की थुंकावा, त्याचाही सल्ला द्यायला अक्का नव्हती.

त्याने फोन बाहेर काढला. अक्काचा कॉल अजून चालू होता, बड तेवढा मेला होता. त्याने फोनमधली ब्लूटूथची यादी उघडली. यादीत दोन-तीन नावं, सगळी आकड्यांची. घामाने बोटं निसरडी, डाव्या कानातून वितळलेल्या पॉलिशचा ओघळ गळ्यावरून कांझूच्या पांढऱ्या कॉलरवर उतरलेला. कोणतं आपलं, कोणतं परकं? देवाचं नाव घेतलं आणि सगळ्यात वरचं दाबलं.

ते होतं मुलीकडच्यांच्या लाउडस्पीकरचं.

"अरे गाढवा, तोंडातलं थुंक आधी!!"

मांडवाचे खांब हादरले. आंब्यावरचे बगळे उडाले. एक म्हातारा खुर्चीवरून घसरला. माणसाच्या उंचीच्या दोन लाउडस्पीकरांतून यायेरीअक्का! मुळात तिला लाउडस्पीकरची गरज नव्हती, त्यात हे!

लामेका थुंकला. त्याच्याबरोबर मुलीकडचे दोघे-तिघेही थुंकले. आज्ञाच तशी होती.

"कोण बोलतंय?" वालुसिम्बीने लाउडस्पीकरला विचारलं.

खिशातल्या फोनवरून अक्काने इथलं सगळं ऐकलं होतं. आता आपलंही सगळ्यांना ऐकू जातंय हे तिच्या ध्यानात आलं. तिने खाकरून घसा साफ केला. ते वादळासारखं ऐकू आलं. मग तिचा आवाज एकदम साखरेत घोळला.

"श्रमलात गं बायांनो! कामं केलीत, मांडव घातलात, आभार हो! दिवस कसा गेला? घरचे कसे आहेत? लेकरं कशी आहेत? रात्री झोप लागली का?"

आता वडीलधाऱ्या बाईने अशी विचारपूस केल्यावर कोण बसून राहील? मुलीकडच्या पन्नास बायका एका दमात गुडघ्यांवर टेकल्या आणि लाउडस्पीकरकडे तोंड करून म्हणाल्या, "छान गेला हो आजी! तुम्ही कशा आहात?" पुरुषांनीही माना लववल्या. लाउडस्पीकरजवळचा गाणी लावणारा ढोल्या माणूस, इतके लोक आपल्यालाच नमस्कार करतायत असं वाटून, तोही घाबरून गुडघ्यांवर बसला.

विचारपूस चांगली पाच मिनिटं चालली. तेवढ्यात मांडवाचा राग निम्मा निवला. पण वालुसिम्बी उभाच होता.

"आजी," तो म्हणाला, "मान राखून विचारतो. तुमचं देवक नाकतोडा. आणि तुमच्या या माणसाने आमच्या डोळ्यांदेखत मूठभर नाकतोडे खाल्ले. हा तुमच्या कुळातला असेल तर हे लग्न होणार नाही. सांगा, कोण आहे हा?"

लामेकाने फोन घट्ट धरला.

"तो होय?" लाउडस्पीकर म्हणाला. "छे हो! तो कुठला आमच्या कुळातला! आमच्या बोलक्याचा जबडा निखळला म्हणून ऐनवेळी बाजारातून आणलाय त्याला. नटेटेला फोन दुरुस्त करतो." अक्का जरा थांबली. "म्हणजे, करतो असं तो म्हणतो."

वालुसिम्बी लामेकाकडे वळला. "खरं का हे?"

लामेकाने तोंड उघडलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, घरचा काका, भावाच्या जागी उभा! त्याने आमच्या मांडवाकडे पाहिलं. मुग्वान्याने मान वर केली होती आणि त्या पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. शेजारी रोबिना. तिने तर चेहरा असा केला होता की या माणसाला जन्मात कधी पाहिलं नाही. आणि मला वाटतं, या अभिनयात तिला थोडी मौजही वाटत होती.

"खरं आहे," लामेका म्हणाला. "मी नुसता फोनवाला."

"मग तसं आधी सांगायचं की भल्या माणसा!" वालुसिम्बीने सुस्कारा सोडला. "फोनवाल्याने काय वाटेल ते खावं! बसा, बसा सगळे!"

पुढचे दोन तास यायेरीअक्का बोलली. मुलीकडचे विचारत होते आणि लाउडस्पीकर उत्तर देत होता. सात पिढ्या सांगितल्या, त्यांच्या बायका सांगितल्या, कुणाची दफनभूमी कुठल्या टेकडीवर तेही सांगितलं. "आणि बॅटरिलो?" वालुसिम्बीने वहीत बघून विचारलं. "असलं कोणी आमच्यात नाही," अक्का म्हणाली, "तो फोनवाल्याच्या घरचा असेल." मांडव पोट धरधरून हसला. वालुसिम्बीही हसला! असं म्हणतात की त्याला हसताना त्याच्या बायकोनेही पहिल्यांदाच पाहिलं.

लामेकाचं काम एवढंच, की फोन हातात उंच धरून लाउडस्पीकरपाशी उभं राहायचं. दोन पावलं बाजूला झाला की अक्काचा आवाज तुटायचा, आणि शंभर माणसं ओरडायची, "ए फोनवाले! हलू नका हो!" हाताला मुंग्या आल्या तेव्हा त्याने हात बदलला, तेवढ्यानेही कायोंगांचे दोन भाऊ गळाले आणि पुन्हा सांगावे लागले.

मग मुलीची आत्या नाचत आली, रांगेतून फिरली, मुग्वान्यापाशी थांबली आणि त्याच्या जाकिटाला फूल लावलं. झालं! मुलगी दिली! नवरी नाबिटालो मांडवात आली तेव्हा मुग्वान्याचा निखळल्यासारखा जबडा एकदाचा जागेवर आला. एसेझावहिनी रडत होती आणि हसत होती आणि दोन्हींत काही फरक कळत नव्हता. लामेकाचेही डोळे भरून आले. पण फोनवाल्याने दुसऱ्याच्या घरच्या लग्नात किती रडावं, म्हणून त्याने आवरलं.

"घरच्यांनी फोटोला या!" हाक आली. लामेका सवयीने पुढे झाला. नाबिटालोच्या आत्याने त्याचं कोपर हळूच धरलं. "तुम्ही नाही हो. फक्त घरचे." सगळ्या कुटुंबाने फोटो काढला. रोबिना अगदी मध्यभागी उभी होती आणि छान हसत होती.

जेवायला त्याला मागच्या बाजूला बसवलं, गाणी लावणारा ढोल्या आणि दोन गाड्यांचे चालक यांच्यासोबत. केळीच्या पानातलं कोंबडीचं कालवण चांगलं होतं. तो जेवत होता तोच मांडवाच्या कनातीमागून कुणीतरी 'शुक्‌ शुक्‌' केलं. वालुसिम्बी! त्याने चारी बाजूंना पाहिलं, लामेकाशेजारी उकिडवा बसला आणि मूठ उघडली. मुठीत एक इअरबड होता.

"मास्तर, जरा हे बघता का?" तो कुजबुजला. "जोडलंच जात नाही. कुणाला बोलू नका, पण आत खोलीत माझी नव्वदीची आई बसलीय फोन घेऊन. सगळं तीच सांगते हो, मला कुठलं काय पाठ! मघाशी तुम्ही त्या बॅटरिलोपाशी आलात आणि माझा मेला. पुढे काय विचारायचं सुचेना. म्हणून वेळ काढायला घरात खूण केली, काहीतरी खायला आणा म्हणून. आता त्या बायकांना नाकतोडेच सापडावेत!"

लामेकाचा घास हातातच राहिला. मग त्याने हात पुसला, बड घेतला, उलटा केला, बुडाचे पितळी ठिपके कांझूच्या टोकाने घासले, डबीत घातला, काढला, बटण दाबलं. 'टिंग!' दिवा निळा झाला आणि निळाच राहिला. आतून बारीक आवाजात कुणी म्हातारी विचारत होती, "जेवलास का रे?"

"कमाल आहे!" वालुसिम्बी खूश होऊन म्हणाला. "अहो, तुम्ही तर खरेच कारागीर निघालात! नाव काय तुमचं?"

लामेकाच्या जिभेवर नाव आलं. एकटंच आलं नाही, सातही पिढ्या घेऊन आलं. दोन तास उभं राहून ऐकल्यावर सगळी वंशावळ त्याला पाठ झाली होती, मधल्या भावांसकट! तो मांडवाकडे बघून थांबला. तिकडे मुग्वान्या नाबिटालोला घास भरवत होता.

"मास्तरच म्हणा," तो म्हणाला.

"मग मास्तर, एक सांगतो, घरचा समजून," वालुसिम्बीने त्याच्या कानाशी लागून, पॉलिशच्या ओघळापासून बेताने दूर राहत म्हटलं. "त्या लोकांकडून आपले पैसे आजच घेऊन टाका. हे नाकतोड्यांचे लोक फार चिकट असतात, आणि बोलघेवडे! काम काडीचं नाही, फुशारक्या डोंगराएवढ्या!"

लामेकाने केळीचं पान पुढे ओढलं.

"हो," तो म्हणाला. "मीही तसं ऐकून आहे."